मदत हवी आहे: अनारशाचा तांदूळ 'दमटसर' म्हणजे नेमका किती?

नवा_बल्लव: तांदूळ भिजवून, उपसून पंच्यावर पसरलाय. कृतीत पुढची ओळ: "दमटसर असतानाच दळावे." म्हणजे किती तासांनी? दुसरीकडे "खडखडीत वाळवू नये". गूळ "मावेल तितका". असलं वाचूनच माणूस विकतचे आणतो. आईला विचारलं तर म्हणे, हाताला कळतं. माझ्या हाताला काहीही कळत नाहीये. कृपया तासांत सांगा, मिक्सर काढून ठेवलाय.

चकली_मोडली: तांदूळ कोणता? किती दिवस भिजवला? पाणी रोज बदललंत का? राहता कुठे?

नवा_बल्लव: तीन दिवस, रोज बदललं. प्रश्न वाळवण्याचा आहे.

चकली_मोडली: तांदूळ कोणता ते राहिलंच.

निळूकाकू: अरे, तास नसतात त्याला. उन्हाळ्यात पुण्याला पंख्याखाली तासाभरात होतं, पावसाळ्यात मुंबईत दुपार जाते. मूठ भरून दाब आणि सोड. तांदूळ मोकळा पडला, तळव्याला चार दाणे चिकटून राहिले आणि तळवा गार लागला की दळ. पाणी दिसता कामा नये. दळलं की लगेच चाळ आणि तेवढ्याच वजनाचा किसलेला गूळ मळ.

तोळामासा: काकू, याच 'मुठी'ला लोक घाबरतात. वजन करा. कोरडा ५०० ग्रॅम घेतला असेल तर सव्वासहाशेच्या आसपास उतरला की मी दळतो. विषय संपला.

नवा_बल्लव: भिजवायच्या आधी वजन कोण करतं?

तोळामासा: मी.

निळूकाकू: आणि गूळ ओलसर निघाला की तुझा काटा काय सांगतो? पीठ सैल झालं की अनारसा तुपात हसणारच, म्हणजे फुटून पसरणारच.

तोळामासा: हसला तर थोडं कोरडं पीठ मिसळायचं. तेही मोजून.

दुबईचा_सदू: तुम्हाला ओलीची काळजी, इथे खसखस आणायलाच बंदी. मी तीळ लावतो. छान होतात.

जावईबापू: तिळाचा अनारसा म्हणजे अनारसा नव्हेच. २०२३च्या अधिक श्रावणात सासरहून ३३ आले, एकाला तीळ असता तर परत पाठवला असता.

दुबईचा_सदू: गयेला जाऊन सांगा हे. तिकडचे तिळाचेच असतात.

हलकंफुलकं: एअर फ्रायरमध्ये कोणी केलेत का? गुळाऐवजी खजूर घालून?

निळूकाकू: नाही.

नवा_बल्लव: मूठ दाबली. दाणे चिकटले, पाणी नाही. दळतोय. तांदूळ बासमती आहे, घरात तोच होता.

चकली_मोडली: बासमती! तरी मी पहिल्यापासून विचारतेय. साधा जुना तांदूळ बरा असतो. आता दळलाच आहे तर बारीक चाळा, वरची कणी परत फिरवा. गोळे करून डब्यात घाला आणि चार-पाच दिवस ठेवा, त्याशिवाय जाळी पडत नाही. तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने तूप उडवायचं.

नवा_बल्लव: चार-पाच दिवस?? पाहुणे उद्या येताहेत! हे कृतीत कुठे होतं?

तोळामासा: शेवटून दुसरी ओळ. सगळ्या कृतींत तिथेच असतं.

नवा_बल्लव: पहिल्या ओळीत लिहायला काय होतं यांना?

निळूकाकू: डबा झाकून ठेव, पुढच्या आठवड्यात तळ. उद्याला शिरा कर.