आईच्या इकोचा रिपोर्ट (घरचा ग्रुप)

मी: काल रात्री रिपोर्ट टाकलाय, कोणी उघडला तरी का? गुडघ्याच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी टूडी इको केला तर हृदयातल्या मायट्रल व्हॉल्वच्या (झडपेच्या) मागच्या कडेला २ सेंमीचा गोळा, पुढे लिहिलंय ट्यूमर? क्लॉट? मला झोप नाही

बाळूकाका: वहिनींच्या कॅल्शियमच्या गोळ्या आधी बंद करा

दादा: पाहिला गं, मीटिंगमध्ये होतो. मुंबईला घेऊन या सरळ

मी: घेऊन या म्हणजे कोणी? मोतीबिंदूच्या वेळीही हेच म्हणाला होतास

चिनू: आत्या घाबरू नको, सरांना क्लिप दाखवली. म्हणाले बहुतेक केसिअस कॅल्सिफिकेशन. व्हॉल्व ज्या कडीला बसलेली असते तिथे वयाने कॅल्शियम साठतं, बीपीवाल्या म्हाताऱ्या बायकांत जास्त, क्वचित ते आतून मऊ पडतं मग इकोत गाठच वाटते, बऱ्याच जणांना आधी ट्यूमर म्हणूनच सांगतात. ताप नाही, त्यामुळे इन्फेक्शन वाटत नाही. सीटी करा, साधा, शिरेतून देतात तो डाय नको, आजीचं क्रिएटिनिन १.८ आहे म्हणजे किडनी आधीच कमजोर, आणि कॅल्शियम डायशिवायच दिसतं

धाकटी वहिनी: आत असतं काय पण

चिनू: उघडलं तर टूथपेस्टसारखं पांढरं

पप्पू: कोलगेट का विको 😂

मी: पप्पू लाज वाटते का जरा

दादा: मग काढूनच टाकू, पैशाचा प्रश्न नाही

चिनू: बाबा, दिसलं की कापलं असं नसतं हो. व्हॉल्व अडली, गळायला लागली किंवा तुकडा मेंदूकडे गेला तर ऑपरेशन. नाहीतर बीपी सांभाळा, मधूनमधून इको. कधी आपोआप विरतंही. दांडीवर लोंबणारा, हलणारा कॅल्शियमचा गोळा असतो, डायलिसिसवाल्यांत वगैरे, तो वेगळा, तो बहुतेक वेळा काढतात

बाळूकाका: कॅल्शियमच्या गोळ्या. केव्हाचा सांगतोय

चिनू: बाळूआजोबा, त्या हाडांसाठी आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको

धाकटी वहिनी: गुडघ्याची तारीख तीच ना? मी रजा टाकून बसलेय, नंतर म्हणू नका कोणी आलं नाही

मी: तुला कोण म्हणालं काही? भूलवाले म्हणाले आधी सीटी

(गुरुवार)

मी: सीटी झाला. गोळ्याच्या कडेने कवचासारखं कॅल्शियम, मागच्या कडीलाच चिकटलेलं. चिनू म्हणाला तेच. व्हॉल्व ठीक चालतेय. ६ महिन्यांनी परत इको, तेव्हा कोण नेणार ते आत्ताच लिहा

दादा: 🙏

मी: हे काय उत्तर झालं?

आई: मी वाचतेय सगळं. भावजी, गोळ्या चालू आहेत. गुडघ्याचं कधी ते बोला

बाळूकाका: बंद करा म्हटलं ना वहिनी