जळगावचे ६२ हजार की जर्मनीचे ५४ हजार युरो?

गिरणाकाठ:
जळगाव एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, हातात महिना ६२ हजार, घर स्वतःचं. स्टुटगार्टजवळून वर्षाला ५४,००० युरोची ऑफर आलीय. बायको घरी असते, मुलगी ४ वर्षांची, आई-वडील पाचोऱ्याला. जो तो युरोला शंभरने गुणून मोकळा होतो. राहणीमानात खरा फरक किती? जाणकारांनी आकड्यांत सांगावं.

हिशेबी_माणूस:
शंभरचा भाव पैसे घरी पाठवताना कामाचा, तिथे जगताना नाही. क्रयशक्ती धरली तर तिथला १ युरो इथल्या साधारण २८-३० रुपयांचं काम करतो.

महिना ४,५०० युरो धरा. २०२५ च्या दरांनी पेन्शन ९.३ टक्के, बेकारी विमा १.३, आरोग्य विमा सुमारे ८.५, देखभाल विमा (म्हातारपणी किंवा आजारपणात लागणाऱ्या सेवेचा) १.८. इथेच ९४० युरो गेले. मग आयकर. बिनकमाईची बायको सोबत राहत असेल तर टॅक्स क्लास ३ (कमी कर कापणारा विवाहितांचा गट), हातात ३,२०० च्या आसपास. तिला जळगावातच ठेवलंत तर क्लास १ (एकट्या माणसाचा गट), हातात २,९०० च्या आतच. मुलीचा सरकारी भत्ताही, २०२५ मध्ये महिना २५५ युरो, ती तिकडे राहिली तरच. ‘आधी एकटा जातो, मग बघू’ हा महागडा मार्ग आहे.

हीटिंगसह भाडं १,४०० धरा. ३,२०० अधिक २५५, वजा १,४००, उरले २,०५५. गुणिले २९, म्हणजे ६० हजारांखाली. ढोबळ हिशेब आहे, पण भाडं देऊन उरतं ते तुमच्या आजच्या पगाराएवढंच. शंभरचा भाव फक्त शिलकीला लागतो.

रावेर_यावल:
हिशेब बरोबर, पण इथल्या ६२ हजारांतून टाकी, मोटार, इन्व्हर्टर, आरओ, शाळेची फी, मेडिक्लेम हे सगळं आपलं आपणच उभं करतो. तिकडे नळाचं पाणी थेट प्यायचं, सरकारी शाळा फुकट, आजारी पडलात तर ६ आठवडे पूर्ण पगार. उलट माणसाच्या हाताला तिथे जबर दाम आहे. धुण्याभांड्याला बाई विसरा, भिंतीला रंगसुद्धा स्वतःच द्यायचा.

फ्लॅट पाहताना स्वयंपाकघर विचारा. पुष्कळदा ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं. डिपॉझिट मूळ भाड्याच्या ३ पटींपर्यंत, कायद्याने ३ हप्त्यांत देता येतं. ते बुडतं कुठे, तर बुरशीत. खिडक्या हवाबंद असतात. वरणाची वाफ आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांची ओल गार भिंतीवर बसते आणि कपाटामागे काळे डाग धरतात. दिवसातून ३-४ वेळा ५-१० मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, थंडीतही. दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत आणखी गार पडते आणि हीटिंगचं बिल फुगतं ते वेगळंच.

भरिताची वांगी तिथल्या विजेच्या, काचेच्या शेगडीवर भाजत नाहीत. टोचे मारून ओव्हनला २२० अंशांवर ४०-४५ मिनिटं ठेवा. गर मऊ होतो, धुराची चव मात्र येत नाही.

गिरणाकाठ:
आणि आई-वडील?

भुसावळ_जंक्शन:
गाडी तिथेच अडते, भाऊ. न कमावणारी बायको आणि मुलगी तुमच्या सरकारी आरोग्य विम्यात फुकट येतात, आई-वडील येत नाहीत. भेटीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण त्यात जुने आजार सहसा धरत नाहीत. मे महिन्यात बोलवा, आपल्याकडचे ४४-४५ अंश तरी चुकतील. डिसेंबरात नको, दिवस जेमतेम ८ तासांचा.

ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा युरोपातला परवाना) बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही, तरी इथूनच शिकवा. पोहोचल्यावर २ आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो नसला की टॅक्स नंबर रखडतो. आपलं लायसन्स ६ महिनेच चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. तुम्ही स्वतः बी१ (जर्मन भाषेची मधली पातळी) पास झालात तर कायम राहण्याचा परवाना २७ ऐवजी २१ महिन्यांत मिळू शकतो.

आई-वडिलांचा इथला मेडिक्लेम बंद पडू देऊ नका. हप्ता चुकून पॉलिसी तुटली, की जुन्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून.