अनुभव धागा : तुमच्याकडं ‘बा’ म्हणजे कोण?

कागल ओलांडून कर्नाटकातल्या कोगनोळीत शिरलं की दुकानांच्या पाट्या बदलतात आणि त्यांच्याबरोबर ‘बा’सुद्धा. अलीकडं तो बाप, पलीकडं ‘ये’. कोल्हापुरातल्या गुजराती घरांत तोच आई नाहीतर आजी. शिरोलीच्या फौंड्रीत भोजपुरी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो नुसता ‘आहे’. एवढंसं अक्षर आणि एकट्या आपल्या गावात त्याच्याकडं चार कामं. म्हणून हा धागा.

‘बा’ ऐकून कधी थबकला असाल, हसला असाल, कामधंद्याला परदेशी गेल्यावर तिथं तो भेटला असेल, तर लिहा. भाषा कुठलीही चालेल. विनंती एकच: ‘सगळ्या जगाचा बा आमच्याकडूनच गेला’ छापाचे फॉरवर्ड इथं आणू नका.

सुरुवातीला मराठीचं सांगतो. आमच्या पेठेत ‘आमचा बा’ म्हणणारी पिढी अजून आहे, त्यांची नातवंडं पप्पा म्हणतात. ‘बा आला’ म्हणायचं, ‘बा आले’ नाही. शहरातल्या सुनांना हे ऐकून धक्का बसतो, पण त्यात आदर कमी नसतो, ते घरचं वळण आहे. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, तुकोबा ही सगळी मंडळी ह्याच ‘बा’ची. आणि शेवटी ‘नको बा’, ‘मला नाही बा माहीत’ मधला. हा कुणाचाच बाप नव्हे, तो फक्त अंग काढून घ्यायला मदत करतो.

गडहिंग्लज तालुक्यातून, माहेर संकेश्वरकडचं

माहेरी आमची कानडी. लग्न होऊन आले तेव्हा मराठी समजायची, पण जीभ वळायची नाही. ह्यांची सवय अशी, संध्याकाळी शेतातनं आले की दारातनंच हाक, ‘बा!’ आणि मी हातातलं टाकून बाहेर. कानडीत बा म्हणजे ये. सासरे ओसरीवर बसलेले, हे त्यांना हाक मारतायत, आणि नवी नवरी पळत येऊन दोघांच्या मधी उभी. सासूबाईंना वाटलं, पोरगी कामाला चपळ हाय.

शेवटी मामांनीच, म्हणजे सासऱ्यांनीच, ओळखलं. ते तरुणपणी संकेश्वरच्या बाजाराला जायचे, त्यांना कानडी येत होतं. म्हणाले, ‘अगं, तो मला बलिवतोय, तुला न्हाई.’ मग त्यांनी त्याचा खेळच केला. जेवायच्या वेळी मला म्हणायला लावायचे, ‘बा, ऊटक्क (जेवायला) बा.’ मी म्हटलं की उठून यायचे आणि सासूबाईंना सांगायचे, ‘बघ, पयला बा मराठी, दुसरा कानडी.’ मला मात्र लाज वाटायची. कारण कानडीत मोठ्या माणसाला ‘बा’ म्हणत नाहीत, ‘बर्री’ म्हणतात. ‘बा’ लहानाला, बरोबरीच्याला, नाहीतर देवाला.

पोरगा दोन्ही शिकलाय. ‘बा इल्ली’ म्हटलं की येतो. नुसतं ‘बा’ म्हटलं की म्हणतो, ‘बा बाहेर गेलाय.’

धागाकर्ता

ताई, तुमचे मामा भारीच! तमिळमध्ये ‘ये’ला ‘वा’ म्हणतात. तमिळ शब्दाच्या सुरुवातीला जिथं ‘व’ दिसतो, तिथं कन्नडमध्ये बऱ्याचदा ‘ब’ असतो. तोंडाला तमिळमध्ये वाय, कन्नडमध्ये बाय. तेव्हा कानडी ‘बा’ची भावकी दक्षिणेकडची आहे, आपल्या ‘बा’शी त्याचा फक्त बांधाला बांध लागतो.

(एक ओळ, इचलकरंजीतून)

म्हणजे तमिळ माणूस ‘वा वा’ म्हणाला तर तो दाद देत नाही, बोलवतोय!

शाहूपुरीतून, गुळाची अडत

आमचं गुजराती घर, पण जन्म सगळ्यांचा कोल्हापूरचा. पणजोबा गुळाच्या व्यापारासाठी आले. आपला गूळ गुजरातला जातो, तसे आम्ही उलटे इकडं आलो. घरात आजीला सगळे ‘बा’ म्हणायचे. माझा मंगळवार पेठेतला मित्र पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी सांगितलं, ‘थांब, बा आंघोळ करून आल्या की खायला देतील.’ तो म्हणाला, ‘तुमच्यात बा खायला करतो व्हय? आमचा तर पाण्याचा तांब्या बी उचलत न्हाई.’ त्या दिवसापासून आमच्या घराला त्याच्या गल्लीत फार मान होता.

पुढं शाळेच्या सहलीत पुण्याला आगाखान पॅलेस बघितला. कस्तुरबांचा मृत्यू तिथंच, कैदेत असताना, 22 फेब्रुवारी 1944 ला झाला. त्यांना सगळे ‘बा’ म्हणत आणि गांधीजींना ‘बापू’, हे बाईंनी सांगितल्यावर मित्र माझ्याकडं वळून म्हणाला, ‘तुमच्यात बापू बाप आणि बा आई. मग आमच्या बाला तुमच्याकडं आणला तर काय म्हणायचं?’ ह्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

अजून एक गंमत. तुमच्याकडं ‘बा’ पुरुषांच्या नावाला चिकटतो, ज्ञानोबा, गणोबा. काठियावाडात राजपूत बायकांच्या नावापुढं तो लागतो. आमच्या गावाकडची यादी मराठी माणसानं वाचली तर सगळ्या बायकांना पुरुष समजेल.

शिरोली एमआयडीसीतून

माझं छोटं हाय. रात्रपाळीला मोल्डिंगवर नवीन पोरगं आलं, बलियाचं. विचारलं, सँड तयार हाय का? म्हणतंय, ‘तैयार बा.’ मनात म्हटलं, काय संस्कारी पोरगं, पहिल्याच दिवशी मला बा म्हणतंय! फर्नेस? ‘चालू बा.’ माझी छाती फुगली. पाणी? ‘नइखे.’

आदर एकदम संपला. मग त्याच्या गाववाल्यानं सांगितलं, साहेब, ‘बा’ म्हणजे ‘आहे’, ‘नइखे’ म्हणजे ‘नाही’. आता आमची उचगावची, शियेची पोरं पण पाळी बदलताना ‘का हाल बा?’ विचारतात आणि उत्तर येतं, ‘निवांत बा.’ ह्यातलं निवांत आमचं, बा त्यांचं.

राजारामपुरीतून, वैद्यकीय शिक्षण चीनमध्ये

चिनीत ‘बा’ सूर बदलला की बदलतो. (त्यांचा ‘ब’ आपल्या ब आणि प यांच्या मधला आहे, पण आपल्या कानाला ‘बा’च.) उंच आणि सपाट ठेवला तर आठ. खालून वर चढवला तर उपटणं. खाली नेऊन वर आणला तर धरणं. मूठ किंवा पकड असलेल्या वस्तू मोजतानाही तोच लागतो: छत्री, सुरी, खुर्ची. आणि वरून धपकन खाली टाकला तर चक्क बाप. पहिल्या सत्रात बाजारात आठ सफरचंदं मागताना मी बहुतेक रोज कुणाच्यातरी बापाचा उद्धार करत असणार. सफरचंदं मात्र बरोबर आठच मिळायची, कारण मी बोटांनी पण दाखवायचे.

आठ त्यांचा लाडका आकडा. ‘बा’चा आवाज भरभराटीच्या ‘फा’शी जुळतो म्हणून. बीजिंग ऑलिंपिकचं उद्‌घाटन 8 ऑगस्ट 2008 ला रात्री 8 वाजता ठेवलं होतं, ते उगाच नाही. मोबाईलवर 88 लिहिलं की ‘बाबा’, म्हणजे बाय-बाय.

पण मला घरची आठवण यायची ती पाचव्या, सूर नसलेल्या ‘बा’नं. वाक्याच्या शेवटी अलगद येतो. ‘झौ बा’ म्हणजे चला, निघूया की. ‘हाओ बा’ म्हणजे बरं, असू दे. आपल्या ‘नको बा’तला तो आणि हा, बसायची जागा तीच, मऊपणा तोच. होस्टेलवर मी ‘झौ की’ म्हणायला लागले, तर रूममेटनं तो नवीन प्रत्यय समजून वहीत लिहून घेतला.

(कळंब्यातून)

बापाला चिनीत ‘बाबा’ म्हणतात? मग हा शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर आपल्याकडूनच गेलेला असणार. विषय संपला.

धागाकर्ता

नाही हो दादा, विषय इथं सुरू होतो. तान्ह्या बाळाला दात नसतात, जीभ धड वळत नाही. ओठ मिटून उघडले की प, ब, म आपोआप येतात. ते बडबडतं आणि पाळण्याशेजारी जो उभा असेल तो म्हणतो, मलाच हाक मारली. म्हणून तुर्कीत आणि स्वाहिलीत ‘बाबा’ म्हणजे बाप, रशियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे बाई किंवा आजी. जॉर्जियन भाषेत तर ‘मामा’ म्हणजे बाप. आपल्या मामाला हे कळलं तर भाच्यांच्या लग्नाचा खर्च कुणी करायचा यावर नवा वाद निघेल. ह्या शब्दांना प्रवासाची गरज नसते, ते घरोघरी नव्यानं जन्मतात. कानडी, भोजपुरी, चिनी आठ हे मात्र निव्वळ योगायोग. अक्षरं थोडी, अर्थ अमाप, टक्कर होणारच.

शिवाजी उद्यमनगरातून, मशीन शॉप

व्हिएतनामला यंत्रं बघायला गेलो होतो, हो चि मिन्ह सिटीला. तिथं ‘बा’ म्हणजे तीन. संध्याकाळी यजमानानं वेटरला सांगितलं, ‘बा बा बा.’ मला वाटलं, हा आता बापाच्या नावानं रडतोय की काय. आली बिअर. बाटलीवर 333. ब्रँडच तो.

दक्षिण व्हिएतनाममध्ये बापालापण ‘बा’ म्हणतात, तीनचाच सूर. उत्तरेत वेगळा शब्द आहे. आणि सूर जरा खाली पाडला की ‘बा’ म्हणजे आजी. म्हणजे शाहूपुरीवाले आणि आम्ही, दोघांची सोय एकाच देशात झाली. यजमानाला मी आमचा बा, त्यांच्या बा, कानडी बा, सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि अजून तीन मागवल्या.

(ताराबाई पार्कातून)

थायलंडला फिरताना गाईडला सारखं ‘अरे बाबा, ऐक ना’ म्हणू नका. थाईत ‘बा’ म्हणजे वेडा.

निवृत्त, कोर्टात नोकरी होती

फारसीतला ‘बा’ राहिला. तो ‘सह’. बाअदब, बाइज्जत, बावफा. त्याचा वैरी ‘बे’, म्हणजे विना. मराठीनं ह्या दोन भावांत पक्षपात केला. बेकायदा, बेइमान, बेअब्रू, बेजबाबदार हे सगळे आपण घरात घेतले आणि ‘बा’ला दारात ठेवलं. ‘बाइज्जत बरी’ हिंदी सिनेमातल्या न्यायाधीशाकडून ऐकायचं. आमच्याकडं नुसतं ‘निर्दोष मुक्तता’, इज्जतीचं ज्यानं त्यानं बघावं.

पंचगंगेच्या काठचा, आणखी पत्ता नको

आमच्या बाच्या दहाव्याला कावळा शिवेना. घाटावर दुपार झाली. कुणी म्हणे म्हशीची काळजी असंल, कुणी म्हणे धाकट्याचं लग्न. थोरल्यानं ‘म्हस विकत न्हाई’ असा शब्द दिला, तेव्हा शिवला. पुढं कधीतरी वाचनालयात प्राचीन इजिप्तवरचं पुस्तक हाताला लागलं. त्यांच्यात माणसाच्या आत्म्याच्या एका अंशाला ‘बा’ म्हणायचे. चित्रात तो पक्षी काढायचे, डोकं माणसाचं. मेल्यावर तो उडत बाहेर जातो आणि परत देहाकडं येतो. मी ते पान दोनदा वाचलं. योगायोग आहे हे मलाबी कळतंय, समजावू नका. म्हस अजून आहे.

धागाकर्ता

समजावत नाही. फक्त एक भर. त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नसत. ‘बा’ हा उच्चार आजच्या अभ्यासकांनी सोयीसाठी धरलेला आहे. ते स्वतः काय म्हणायचे कुणास ठाऊक.

साखर कारखान्यात फिटर, नायजेरियात होतो

उत्तरेकडं हौसा बोलतात. त्यांचा ‘बा’ म्हणजे नकार, आणि बऱ्याच वाक्यांत तो दोनदा येतो, एकदा आधी, एकदा शेवटाला. मधलं कळलं नाही तरी नाही म्हणतायत एवढं कळतं. मला आवडायचं ते ‘बा कोमै’. काही नाही, चालायचंच. पार्ट वेळेत आला नाही, बा कोमै. आता गावाकडं मीटरवाला आला नाही तरी तोंडातनं तेच निघतं.

जोतिबा डोंगरावरून, गुलाल-खोबऱ्याचं दुकान

चैत्र यात्रेला कर्नाटकातनंबी लई माणूस येतंय. एक म्हातारी पायऱ्यांवर धापा टाकत बसलेली. म्हटलं आजी, एवढ्या उन्हात कशाला चढला? मोडक्या मराठीत म्हणाली, ‘दुसरा देव गप बसतोय. ह्याच्या नावातच बा हाय. जोति, बा. मी बलिवते, का तो बलिवतोय, काय म्हाईत.’ आणि उठून गेली की चांगभलं म्हणत.

शिरोळ तालुक्यातून, प्राथमिक शिक्षिका

आमची शाळा सीमेला लागून. वर्गात मराठी पोरं, कानडी घरातली पोरं, आणि साखर कारखान्याच्या कामावर आलेल्या बिहारी कुटुंबातली दोन भावंडं. बाराखडी शिकवताना कार्ड दाखवते. ‘ब’ दाखवला, सगळे म्हणाले ब. ‘बा’ दाखवून मोठ्यानं म्हटलं, तर कानडी मुलगी दप्तर ठेवून माझ्याजवळ आली, मागच्या बाकावरचा म्हणाला ‘कामाला गेलाय’, आणि बिहारी भावंडांतला धाकटा इकडंतिकडं बघून विचारतोय, ‘का बा?’ काय आहे म्हणून. आता ‘बा’चं कार्ड मी मधली सुट्टी व्हायच्या आधी काढते, म्हणजे उठलेल्यांना परत बसवावं लागत नाही.