विषय: रविवारी बाजार बंद, त्याचं आज ठरवा

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी, वास्कोच्या बाजारातल्या आपल्या दोन दिवसांच्या चित्र-गाण्याच्या कार्यक्रमाची पत्रकं उद्या छापायला जातील, म्हणून आजच उत्तरं द्या. काल स्वातंत्र्य पथावरच्या दुकानांतून फिरून आले. शनिवारला सगळे तयार आहेत. रविवारचं विचारलं की एकच उत्तर, जे उघडतात तेही दुपारी एकला शटर खाली घेणार. आपला रविवारचा कार्यक्रम संध्याकाळी पाचला आहे. माणसं चित्रं बघायला, गाणं ऐकायला येतील आणि दोन्ही बाजूंना बंद शटरं. वास्कोचा बाजार पुन्हा चालावा म्हणून हे दोन दिवस करतोय ना आपण? एक तर दुकानदारांची मनधरणी करायची, नाही तर कार्यक्रम सकाळी घ्यायचा. कार्यक्रम टिळक मैदानावर हलवायचा विषय कृपया परत उकरू नका.

---

प्रेषक: खजिनदार

मैदानाचं बोलत नाही. सकाळी घेतलं तर रविवारच्या दिव्यांचा खर्च वाचेल, हे नोंदवून ठेवा. साउंडवाल्याला आगाऊ दिलेली रक्कम सकाळसाठी वळती होईल का, ते आज विचारतो. वीज खात्याकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज मीच करणार. गेल्या वेळी दोघांनी दोन अर्ज केले आणि जोडणी भलत्याच खांबावरून मिळाली. कुणीही परस्पर जाऊ नये.

---

प्रेषक: स्टेशनरीवाले काका

ताई, रविवारी आम्ही बंद का ठेवतो ते सांगतो, म्हणजे मनधरणीत वेळ जाणार नाही. दुकानातली मुलं आठवडाभर राबतात, त्यांना एक दिवस घर हवं. उघडलं तरी गिऱ्हाईक नाही. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा बंदरातलं खनिजाचं काम गेलं, बार्जवरच्या माणसांचा पगार ज्या दुकानांत फिरायचा ती दुकानं आधी बसली. मध्ये जरा सुरू झालं, तर २०१८ ला परत ठप्प. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरू लागली, तेव्हा आपल्या दाबोळी विमानतळावरचीही वर्दळ वाटली गेली. माझ्या माडीवरचं ऑफिस रिकामं आहे ते तेव्हापासून. त्यामुळे तुम्ही माणसं घेऊन येताय याचा मला खरंच आनंद आहे.

पण एक अट. बाहेरचे स्टॉल नकोत. दुकानासमोर ताडपत्री लागली की माझी पायरी कुणी चढत नाही. दामोदराच्या सप्ताहाच्या फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, हे दरवर्षी बघतो. खायला द्यायचं असेल तर आपल्याच रस-ऑम्लेटच्या गाड्यांना सांगा, भजी-पाव आपल्याच हॉटेलातून घ्या.

माझ्या बाजूचा गाळा बंद असतो. मालक किल्ली देतोय. शटर तळाशी गंजलंय, फटीतून तेल सोडून दोघांनी मिळून उचलावं लागतं, आणि वर गेलं की खाली बांबू टेकवावाच लागतो. आत भिंती चांगल्या आहेत, मुलांची चित्रं तिथे लावा. दोन दिवस लोकांनी आत पाऊल टाकलं तर गाळा भाड्याने जाईलही.

---

प्रेषक: मस्कतहून

काकांचं वाचून फार वाटलं. इथून एक सुचवतो. आपल्याकडे हे सगळं आधीपासून आहे. प्लेगच्या साथीत जांबावलीच्या दामोदराचा नारळ आणून सप्ताह बसवला तो गावातल्या लोकांनीच. आजही एकेका समाजाचा पार, म्हणजे मिरवणूक, निघतो, ज्याचा पार तो सजवतो, खर्च त्याचा, मान त्याचा. कुणी बाहेरून येऊन करून देत नाही. दर डिसेंबरला पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो, छान असतो, पण तिथे आपण प्रेक्षक. वास्कोत एकेका गल्लीने गाण्याची एकेक बैठक घ्यावी. ज्या गल्लीची बैठक, त्या गल्लीतली दुकानं आपणहून उघडतील. आणि सप्ताहासारखं रात्रभर गाणं ठेवा, त्या रात्री कोण झोपत होतं?

---

प्रेषक: संगीत विभाग

रात्रभर जमणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, तीही वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस आपल्यासाठी कुणी राखून ठेवणार नाही. बिनमाइकचं म्हणाल तर रस्त्यावर तंबोरा ऐकू येत नाही. शनिवारी साडेनऊला भैरवी, हे माझ्याकडून पक्कं. कलाकारांशी मी बोललेलो आहे. गल्लीवाल्यांनी बैठका जरूर घ्याव्या, पण गायक-वादकांना परस्पर फोन करू नयेत, तारखा मीच बघतो. रविवारी सकाळी नाट्यसंगीत आणि नंतर मुलींचं घुमटवादन (घुमट म्हणजे आपलं कातडं ताणलेलं मातीचं वाद्य).

---

प्रेषक: बायणाची वहिनी

भाऊ, घुमट शेवटी नको, आधी घ्या. दरवेळी मुलींना शेवटी ठेवता आणि तोवर खुर्च्या गोळा करायला लागतात. दुसरं म्हणजे घुमट उन्हात तापवावं लागतं. सकाळच्या दवाने कातडं सैल पडतं, थाप मारली तरी बोलत नाही. आमच्या मुलींना साडेसातपासून ऊन येईल अशी जागा द्या, गल्लीच्या सावलीत नको. कातडं सगळं बकऱ्याचं आहे, बंदी असलेल्या घोरपडीचं एकही नाही. कुणी अधिकारी विचारायला आलेच तर मला बोलवा.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती

वहिनी, घुमट नऊला, सगळ्यांत आधी. मग रविवार नऊ ते एक धरू का? काका, नऊला दुकानं उघडतील?

---

प्रेषक: स्टेशनरीवाले काका

माझं उघडेल. शेजारच्या चौघांना मी सांगतो. ज्यांच्याकडे मुलं कामाला आहेत त्यांनी सोमवारी सुटी द्यावी, असंही सुचवीन. मस्कतच्या भाऊंचं म्हणणं मला पटलंय. आमच्या गल्लीची बैठक आम्ही घेऊ, सतरंज्या आणि चहा आमचा. मात्र रविवारी सकाळी येणारा माणूस मासळीला आलेला असतो. हातात बांगड्यांची पिशवी घेऊन तो गाण्याला बसणार नाही, आणि घरी गेला की परत येणार नाही.

---

प्रेषक: बायणाची वहिनी

अगदी खरं. मीसुद्धा थांबणार नाही. पिशवी ठेवायची सोय करा. थर्माकोलच्या मोठ्या पेट्या आणि बर्फ, पिशवीला चिठ्ठी, तीच चिठ्ठी हातात. पेट्या गाण्यापासून लांब, सावलीत. आमच्या मासळीवाल्या बायांशी मी बोलते. बर्फ मिळेलच, पण पेट्या आधी धुऊन हव्यात.

---

प्रेषक: खजिनदार

पेट्या धरल्या. बर्फाचा खर्च अंदाजपत्रकात नाही.

---

प्रेषक: मस्कतहून

बर्फाचे पैसे मी पाठवतो. वहिनी, किती लागेल ते कळवा.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती

झालं तर मग. शनिवार संध्याकाळी पाच ते साडेनऊ, रविवार सकाळी नऊ ते एक. पत्रकावर 'मासळी ठेवण्याची सोय आहे' असं ठळक छापते. बाहेरचे स्टॉल नाहीत. शुक्रवारी सहा वाजता शटरला तेल घालायला दोघं हवेत, नावं आजच द्या.