पाळी गेली की डोकंही जातं का?

पार्लेकरीण: काल इथे एकीने लिहिलं, 'पंचेचाळिशीनंतर विसरायला होतंय? हार्मोनच्या गोळ्या सुरू करा, म्हातारपणी स्मृतिभ्रंश होणार नाही.' वाचून डोकंच फिरलं. अमेरिकेत पासष्टीपुढच्या बायकांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन ह्या दोन हार्मोनची एकत्र गोळी देऊन पाहिलीय. 2003 साली आकडे आले: खऱ्या गोळीवाल्यांत दर 10,000 जणींमागे वर्षाला 45 जणींना स्मृतिभ्रंश, औषध नसलेल्या खोट्या गोळीवाल्यांत 22. दुपटीने! आणि तुम्ही बडीशेप वाटल्यासारख्या गोळ्या वाटताय.

दादरची माई: अर्धंच सांगू नका. त्या सगळ्या पासष्टीच्या पुढच्या. पन्नास ते पंचावन्नमध्ये गोळ्या घेतलेल्यांची पुढे काही वर्षांनी परीक्षा घेतली, तो अहवाल 2013 चा. त्यांचं डोकं शाबूत होतं.

पार्लेकरीण: आणि तल्लख झालं होतं का? तेही सांगा ना.

दादरची माई: नव्हतं झालं. मिळालं समाधान? मी काही तल्लख व्हायला गोळी घेतली नव्हती. रात्री चारदा उशी घामाने भिजायची. ऑफिसात सहा वर्षं शेजारी बसणाऱ्या मुलीचं नाव आठवेना, 'अगं ए' म्हणून हाक मारायचे. गोळीने झोप आली, झोपेमागून नावं आली.

लालबागचे काका: आमची ही रोज दूध उतू घालवते. मी नाही बुवा विसरत कधी.

दादरची माई: तुम्ही दूध तापत ठेवलंयत कधी?

काळाचौकीची सून: झोपेचं म्हणाल तर आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला. पिंप मी भरायचं, मग डबे, मग गाडी. ह्यावर कसली गोळी आहे?

लालबागचे काका: विषय काय, पिंप काय! बायकांना काही सांगायची सोयच नाही.

काळाचौकीची सून: पिंप हाच विषय आहे काका. एक आठवडा उठून बघा, स्वतःचं नाव विसराल.

पार्लेकरीण: बरं माई, घामासाठी, वेळेत, डॉक्टरला विचारून घेतली तर माझी ना नाही. स्मृतिभ्रंश टळेल म्हणून नको. एवढं तरी मान्य?

दादरची माई: टळेल असं मी म्हटलंच कुठे? वाचून भांडत जा.

लालबागचे काका: ठीक आहे, उद्या पाण्याला मी उठतो. पण आमच्याकडे येतं कितीला?

काळाचौकीची सून: काकूंना विचारा. त्यांच्या लक्षात असेल.