चिकणमाती नुसत्या घासण्यातून होत नाही

नदी दगड घासत घासत त्याचं पीठ करते आणि तीच माती, असं वर एका प्रतिसादात आलंय. घासण्यातून बारीक गाळ तयार होतो हे खरं. पण चिकणमाती अशी होत नाही, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

ग्रॅनाइट घ्या. त्यात मुख्यतः क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि थोडा अभ्रक ही खनिजं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, म्हणून स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामू (pH) देखील साधारण ५.६, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. हे सौम्य आम्ल फेल्डस्पारमधलं पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम काढून नेतं आणि मागे केओलिनाइटसारखं नवंच खनिज उरतं, तीच चिकणमाती. म्हणजे चिकणमातीचा कण हा फेल्डस्पारचा तुकडा नव्हे, त्याची स्फटिकरचनाच वेगळी! क्वार्ट्झवर मात्र या आम्लाचा फारसा परिणाम होत नाही. त्याचे दाणे सुटतात आणि वाळू होऊन वाहत जातात.

कोणतं खनिज आधी कुजतं (म्हणजे विघटित होतं) आणि कोणतं जास्त टिकतं, हा क्रम भूवैज्ञानिक गोल्डिच यांनी १९३८ मध्ये मांडला. शिलारस थंड होताना ऑलिव्हिन हे हिरवट खनिज सर्वांत आधी, जास्त तापमानाला तयार होतं, आणि जमिनीवर आल्यावर तेच सर्वांत लवकर कुजतं. क्वार्ट्झ शेवटी तयार होतो आणि सर्वांत जास्त टिकतो.

तडे पडण्याचं कामही यात महत्त्वाचं आहेच. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, खडक फुटतो, आणि आम्लाला शिरायला नवे पृष्ठभाग मिळतात.