अनुभव धागा: 'त्या देशाचं विमान नको!'

तापीकाठ (शिरपूर)
पुतण्याला टांझानियात नोकरी लागली. परवडणारं तिकीट निघालं इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे, आणि घरात बैठकच बसली. आप्पा म्हणाले, "कसाले आफ्रिकानं विमान? दुबईवालं पाय ना." त्यांच्या डोक्यात मार्च २०१९ चा इथिओपियाचा अपघात. पण त्याआधी पाच महिन्यांपूर्वी इंडोनेशियात तेच मॉडेल पडलं होतं, बोइंग ७३७ मॅक्स. दोन्हीत मिळून ३४६ माणसं गेली. सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावरून विमानाचं नाक खाली दाबणारी 'एमकॅस' यंत्रणा अमेरिकी कंपनीची, तरी तिकडचे काही पुढारी परदेशी वैमानिकांच्या प्रशिक्षणाकडेच बोट दाखवत होते.
देश बघून तुम्ही कधी विमान टाळलंय? मतं नकोत, घडलेलं लिहा.

वरणगावची लेक
आमच्या मंडळाची पशुपतिनाथ यात्रा ठरली तेव्हा पोखरा ते काठमांडू विमानाने जायची गोष्ट निघाली होती. जानेवारी २०२३ मध्ये पोखऱ्याला विमान पडून ७२ जण गेले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं. युरोपनेही २०१३ पासून नेपाळच्या विमान कंपन्यांना बंदी घातलेली. म्हणजे भीती अगदीच हवेतली नव्हती. एकमताने बस ठरली. रस्त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. आम्ही सुखरूप आलो. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्याच भागातल्या यात्रेकरूंची बस तिकडे मर्स्यांगदी नदीत कोसळली. मृतदेह वायुसेनेच्या विमानाने जळगावला आणले. त्याबद्दल अजून धड बोलवत नाही.

निवृत्त लोको पायलट (भुसावळ)
कोरियाचा किस्सा सगळे सांगतात. १९९७ मध्ये गुआम बेटावर कोरियन एअरचं विमान रात्री पावसात टेकडीवर आदळलं, २२८ माणसं गेली. कॅप्टनला सोबतच्या दोघांनी वेळेवर टोकलं नाही. लगेच निष्कर्ष: तिकडे मोठ्यांपुढे बोलायची रीत नाही. मुद्दा खोटा नाही, पण अर्धा आहे. पुढे त्याच कंपनीने अमेरिकी कंपनीतला माणूस आणून प्रशिक्षण बदललं आणि नाव सुधारलं. देश तोच, संस्कारही तेच.
आता दुसरी बाजू. १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, विमानतळावरच धुक्यात दोन जंबो विमानं धडकली, ५८३ मृत्यू. डच कॅप्टनने परवानगी नसताना विमान उड्डाणासाठी दामटलं. मागच्या इंजिनिअरने विचारलंही, समोरचं विमान धावपट्टीवरून हटलंय ना? कॅप्टन ठामपणे हो म्हणाला, विषय संपला. डच तर तोंडावर बोलणारे म्हणून प्रसिद्ध! कनिष्ठाला बोलतं करायचं शास्त्रसुद्धा अमेरिकेतल्या अपघाताने जोर धरून पुढे आलं. १९७८, पोर्टलँड. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतलेला, इंधन संपत आल्याचं सोबतचे आडून आडून सांगत राहिले.
आमच्याकडे रेल्वे इंजिनात दोघांनीही सिग्नल मोठ्याने पुकारायचा नियम आहे. मी असिस्टंट असताना ज्येष्ठ ड्रायव्हरसाहेबांसमोर माझा आवाज फुटायचा नाही. एकदा साहेबांनी गाडीतच सुनावलं, "पुकार! माझ्यावर उपकार नाही करत तू." तेव्हापासून घसा मोकळा झाला. घरी मात्र वडिलांसमोर पुढची कित्येक वर्षं मान खालीच होती. हे दोन्ही एकाच माणसात बसतं, बरं का.

जळगाव टू पुणे
आमच्या आईला देशाचं काही नाही, तिचा राग विमानाच्या बाहेरच्या पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर. "पंखावालं म्हणजे जुनं." कमी अंतराला हेच परवडतं, इंधन कमी लागतं, विमान नवंही असू शकतं, सगळं सांगून झालं. पंखा फिरू लागला तसा हनुमान चालिसा सुरू.

अमळनेरचा दुबईकर
गल्फच्या विमानात कॅप्टनची घोषणा गोऱ्या उच्चारात आली की आमची लाईन निवांत होते. शेजारच्या भाऊने तर सीट मागे टाकून म्हटलं, "आते टेन्शन नही." मी त्याला मंगळूरचं सांगितलं. मे २०१०, दुबईहूनच आलेलं विमान, १५८ मृत्यू. कॅप्टन सर्बियाचा, वाटेत बराच वेळ झोपलेला. विमान उंचावरून, वेगात येतंय हे बघून भारतीय सहवैमानिक पुन्हा वर घ्या म्हणत होता. कॅप्टनने उतरवलंच.
भाऊ गप्प झाला. मला वाटलं, पटलं. थोड्या वेळाने एअर होस्टेसला हाक मारून विचारतोय, "मॅडम, कॅप्टन सर्बियाचे तर नाहीत ना?"